दहा दिवसांची मुळशी आणि टेन्शनची गोळी

मुळशी धरणाच्या काठी दहा दिवस राहायचं, पहाटे प्राणायाम, मोबाईल बंद, साधं जेवण. मग वर्षानुवर्षांची ‘टेन्शनची गोळी’ आपोआप सुटते, असं पुण्यात हल्ली बऱ्याच जणांना वाटतं. पूर्वपक्ष थोडक्यात असा: गोळी ही मनाची कुबडी, मन शांत झालं की तिचं कामच काय? आणि तरीही त्रास झालाच, तर निर्धार कमी पडला म्हणायचं.

याचं उत्तर 1961 सालीच मिळालं होतं. टेन्शनच्याच गोळ्यांपैकी लिब्रियम हे औषध बाजारात येऊन जेमतेम वर्ष झालेलं. अमेरिकेत लिओ हॉलिस्टर यांनी हे औषध मोठ्या डोसमध्ये घेणाऱ्या 11 रुग्णांना एकदम त्याऐवजी औषध नसलेल्या गोळ्या सुरू केल्या. दहा जणांना नवीन त्रास सुरू झाले. दोघांना फिट आली, तीही सातव्या-आठव्या दिवशी. गोळी तर रोज पोटात जातच होती. मग इथे निर्धार कोणाचा कमी पडला?

डोस भलताच मोठा होता, हा आक्षेप रास्त आहे. पण 1981 मध्ये लंडनला पेटुरसन आणि लेडर यांनी याच जातीच्या गोळ्यांच्या नेहमीच्या डोसवर दीर्घकाळ असलेल्या 16 जणांचं औषध थांबवलं, तेव्हाही त्रास सगळ्यांनाच झाला, कमी-अधिक इतकंच.

मेंदूतल्या ‘गाबा’ या शांतवणाऱ्या रसायनाचा परिणाम ही औषधं वाढवतात. मेंदूला त्याची सवय होते आणि ती मोडायला महिने लागतात. त्यात अल्प्राझोलाम शरीरातून लवकर जातं, एक-दोन दिवसांतच धडधड आणि जागरण सुरू. डायझेपाम मात्र रेंगाळतं. चौथ्या दिवशी ‘बघ, काही झालं नाही’ म्हणून घरी फोन करणारा बहुधा याच उरलेल्या औषधावर बोलत असतो.

म्हणून आयुष्यभर घेत राहा, असंही नाही. उतारवयात याच गोळ्यांनी तोल जाऊन माणसं पडतात. ही औषधं हळूहळू सोडण्याबद्दलच्या अमेरिकेतल्या 2025 च्या मार्गदर्शिकेत दर दोन ते चार आठवड्यांनी 5 ते 10 टक्के कपातीपासून सुरुवात सांगितली आहे. टक्का चालू डोसचा धरायचा, इथेच गफलत होते. अल्प्राझोलामच्या अर्ध्या मिलिग्रॅमवरून पाववर येणं म्हणजे निम्मी कपात, आणि पाववरून शून्य म्हणजे सगळीच. ती इवलीशी पाव मिलिग्रॅमची गोळी ब्लेडने कापायला गेलं की एक तुकडा मोठा, एक लहान आणि ताटलीत भुकटी. म्हणून काहींना डॉक्टर आधी रेंगाळणाऱ्या डायझेपामवर आणतात. न्यूकॅसलच्या हेदर अॅश्टन यांनी ही रीत रूढ केली. मध्ये त्रास वाढला तर आहे त्या डोसवर थांबायचं, त्यात हार कसली?

मुळशीला जरूर जावं. झोप सुधारते, चालणं होतं. फक्त गोळ्यांची पट्टी बॅगेत हवी, आणि डॉक्टरांची चिठ्ठीसुद्धा. ही औषधं 2014 पासून शेड्यूल एच-1 मध्ये आहेत. वाटेवरच्या पौड-पिरंगुटच्या मेडिकलवाल्याला ती चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत.