मिठाची वाट

लोकलच्या दारात पश्चिमेकडे तोंड करून उभं राहायला मिळालं (म्हणजे रविवारी दुपारी, एरवी विसरा), तर मीरा रोड सुटल्यावर थोडा वेळ इमारती मागे सरकतात आणि मातीचे बांध घातलेले चौकोनी वाफे दिसतात. ही भाईंदरची मिठागरं. म्हणजे त्यातली जी उरली आहेत ती. माझे आजोबा, आईचे वडील, याच आगरांत राबले. आम्ही आगरी, आणि ते नावच मुळी आगरावरून आलं असं म्हणतात. मी मात्र मालाडच्या एका ऑफिसात बसून जावा लिहितो, आणि मिठाशी माझा संबंध पोह्यांत ते कमी पडलं तर तक्रार करण्यापुरता.

हे सगळं आठवायचं कारण गेल्या ऑक्टोबरात केलेला नेपाळमधला अन्नपूर्णा सर्किटचा ट्रेक. चामेपासून तुकुचेपर्यंत अकरा दिवस, पाठीवर नऊ किलोची सॅक, बरोबर कॉलेजचा एक मित्र. थोरोंग ला ही खिंड ५,४१६ मीटरवर आहे. तिथे मला नेमकं काय काय झालं त्याचं वर्णन टाळतो, घरचेही वाचतात :) मला सांगायचंय ते वेगळंच. आपण 'ट्रेक रूट' म्हणून नकाशावर जी तुटक रेघ बघतो, ती वाट मुळात पाडली कोणी आणि कशासाठी?

निम्म्या वाटेचं उत्तर एका शब्दात देता येतं. मिठासाठी.

आधी भूगोल. खिंड उतरून मुक्तिनाथला आलं की पुढे काली गंडकीचं खोरं लागतं. एका बाजूला धौलागिरी (८,१६७ मीटर), दुसऱ्या बाजूला अन्नपूर्णा (८,०९१ मीटर) आणि मधून ही नदी निवांत वाहते. आपल्या देवघरातले शाळिग्राम याच नदीतले. ते फोडले तर आत शिंपल्याची चक्री दिसते, कारण कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे टेथिस नावाचा समुद्र होता आणि ते त्यातले प्राणी. समुद्र उचलून डोंगरावर ठेवला, पण मीठ काही त्या दगडांतून मिळत नाही. ते यायचं उत्तरेकडून, तिबेटच्या चांगथांग पठारावरच्या खाऱ्या सरोवरांतून. तिथले भटके पशुपालक सरोवराकाठचं मीठ गोळा करून याकांच्या आणि मेंढ्यांच्या पाठीवर लादायचे. हो, मेंढ्यांच्याही. प्रत्येक मेंढीच्या पाठीवर दोन छोट्या पिशव्या.

हिमालय ओलांडायचा तर खिंडी पाच-साडेपाच हजार मीटरच्या. मुस्तांगच्या उत्तर टोकाची कोरा ला मात्र जेमतेम ४,६६० मीटर. म्हणून हे खोरं म्हणजे मिठाचा हायवे झालं. वरून मीठ आणि लोकर, खालून तांदूळ, मका, जव. दोन्हीकडचे लोक अडलेले. तिबेटात धान्य पुरेसं पिकत नाही आणि नेपाळच्या डोंगरांत मीठ होत नाही. मीठ जितकं खाली जाईल तितकं त्याच्या बदल्यात धान्य जास्त, धान्य जितकं वर जाईल तितकं त्याच्या बदल्यात मीठ जास्त. या दोन भावांतला फरक हाच व्यापाऱ्याचा नफा. शेअरवाले मित्र याला आर्बिट्राज म्हणतील. फक्त इथे माऊस क्लिक करण्याऐवजी खेचरं हाकायची, आणि तीही पहाटे, कारण दहा-अकरानंतर या खोऱ्यात दक्षिणेकडून असा वारा सुटतो की समोर बघता येत नाही. आम्हीही तो खाल्ला. जोमसोमच्या पुढे तोंडाला फडकं बांधून चालत होतो आणि दातांखाली वाळू करकरत होती.

आपल्याला हे नवल वाटायला नको. नाणेघाट आपण सगळ्यांनी केलाय. निदान वर मॅगी तरी खाल्लीय. तिथला तो दगडी रांजण जकातीचा, असं परंपरा सांगते. कोकणातलं मीठ वंजारी-लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून सह्याद्री चढायचं आणि घाटावरचा माल उतरायचा. म्हणजे काली गंडकीचीच गोष्ट, फक्त दिशा उलटी. आपलं मीठ खालून वर, त्यांचं वरून खाली. आणि जिथे मीठ तिथे सरकार हजर. शिवाजी महाराजांचं १६७१ सालचं कुडाळच्या सरसुभेदाराला, नरहरी आनंदरावांना, लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. पोर्तुगीजांच्या बारदेशातून येणारं स्वस्त मीठ स्वराज्यातल्या मिठागरांना मारून टाकेल, म्हणून त्या मिठावर जबर जकात बसवा, असा त्याचा आशय. साडेतीनशे वर्षांपूर्वीचं अँटी-डम्पिंग. इंग्रजांनी तर मिठावरचा कर बुडू नये म्हणून हिंदुस्थानच्या आरपार काटेरी कुंपणाची एक लांबलचक सीमा राखली होती, ती १८७९ मध्ये बंद झाली.

नेपाळच्या राणांनी वेगळी पद्धत काढली. काली गंडकीच्या मिठाच्या व्यापाराचा आणि जकातीचा ठेका द्यायचा. ठेकेदार बहुतेक थकाली समाजातले, त्यांना सुब्बा हा किताब. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १९२०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत ही मक्तेदारी चालली आणि तिच्या जिवावर तुकुचे हे गाव उभं राहिलं. गावात शिरलं की कळतं. सपाट छपरांची मोठाली दगडी घरं, कोरीव खिडक्या, आणि प्रत्येक घराच्या मधोमध भलामोठा चौक. एवढा चौक कशाला? खेचरांचा तांडा आत घेऊन माल उतरवायला.

जगाला या गावाची ओळख झाली ती भलत्याच कारणांनी. १८९९ मध्ये एकाई कावागुची नावाचा जपानी बौद्ध भिक्षू ओळख लपवून इथून गेला. मुस्तांगमधल्या चारांगला आणि मग मार्फाला बरेच महिने राहिला, आणि १९०० मध्ये तिबेटात शिरला. पन्नास वर्षांनी मोरिस हर्झोगची फ्रेंच मोहीम तुकुचेत तळ ठोकून बसली. हाताशी असलेला नकाशा चुकीचा, त्यामुळे अन्नपूर्णेकडे जायची वाट शोधण्यातच त्यांचे कित्येक आठवडे गेले. ३ जून १९५० ला हर्झोग आणि लाशनाल शिखरावर पोचले, माणसाने चढलेलं पहिलं आठ हजार मीटरचं शिखर. हर्झोगच्या हातापायांची बोटं गेली ती उतरताना. हे सगळे लोक मिठाच्या वाटेनेच आले होते, हे मात्र सहसा कोणी लिहीत नाही.

आणि मग दहा-पंधरा वर्षांत तो व्यापार बसला. का, ते मला तुकुचेच्या एका भट्टीत कळलं. भट्टी म्हणजे वाटेवरची खाणावळ, वर मुक्कामाची सोय. ज्याला आपण आज टीहाऊस ट्रेक म्हणतो आणि जी नेपाळची खासियत मानतो, ती सोय ट्रेकर्ससाठी झालेलीच नाही. तांड्यांबरोबरच्या माणसांसाठी थकाली बायका ती आधीपासून चालवत होत्या. दाल-भातही तोच.

त्या भट्टीच्या मालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या. मुलं पोखऱ्याला, एक नातू दुबईत. मी चुलीपाशी शेकत बसलो होतो आणि फळीवर मिठाची पुडी दिसली. 'आयो नून', त्यावर दोन मुलांचं चित्र. नेपाळभर हीच पुडी. मी सहज विचारलं, तिबेटचं मीठ आता मिळत नाही का? त्या हिंदीत बोलत होत्या, माझ्यापेक्षा बऱ्या. म्हणाल्या, थोडंफार येतं, पण याकांना नि खेचरांना चाटायला. माणसांचं सगळं तुमच्या इंडियातून. त्यांना लहानपणचा चौक आठवत होता. सकाळी उठलं की लादीचा आणि घुंगरांचा आवाज. एके वर्षी तो कमी झाला, मग आणखी कमी.

मी फुशारकीने म्हटलं, माझे आजोबा मीठ पिकवायचे, मुंबईजवळ.

त्या हसायला लागल्या. म्हणाल्या, "म्हणजे तुझ्या आजोबांनीच आमचं घर बसवलं की!"

मी घाईघाईने सांगितलं की नाही हो, तुमच्याकडे येतं ते गुजरात-राजस्थानचं, आमचं भाईंदरचं नव्हे. त्यांनी हात झटकला. त्यांच्या दृष्टीने समुद्र तो समुद्र.

रात्री झोप येईना (उंची कमी झाली होती, म्हणजे दोष दाल-भाताचा), तेव्हा हिशोब मांडत बसलो. बाईंचं म्हणणं ढोबळ मानाने खरंच आहे. १९५९ मध्ये ल्हासात उठाव झाला, दलाई लामा भारतात आले आणि चीनने सीमेवरची ये-जा आवळली. पण तेवढ्याने मीठ थांबलं नसतं. त्याच सुमाराला दुसऱ्या बाजूने एक अडसर निघाला. नेपाळच्या तराईत मलेरिया इतका भयंकर होता की डोंगरातले लोक थंडीचे महिने सोडून खाली उतरायला धजत नसत. १९५०च्या दशकात तिथे मलेरियाविरोधी फवारण्या सुरू झाल्या आणि रस्ते आले, तेही बरेचसे भारताच्या पैशाने. १९५६ मध्ये काठमांडूचा त्रिभुवन राजपथ, पुढे सुनौलीहून पोखऱ्याचा सिद्धार्थ राजमार्ग. १९६३ मध्ये नेपाळात सॉल्ट ट्रेडिंग कॉर्पोरेशन निघालं. ट्रकने पोखऱ्यापर्यंत आलेल्या समुद्री मिठापुढे याकाच्या पाठीवरून महिनाभर चाललेलं मीठ काय टिकणार? तुकुचेचे थकाली धोरणी, त्यांनी वेळीच पोखरा, भैरहवा, काठमांडू गाठलं. घरांना कुलपं लागली.

वाट मात्र पडूनच होती. मुस्तांगमध्ये १९६० पासून खाम्पा गनिमांचे तळ होते, सीआयएच्या मदतीवर. ते १९७४ मध्ये नेपाळी सैन्याने उठवले, आणि १९७७ मध्ये सर्किट परदेशी पर्यटकांना खुलं झालं. रिकाम्या भट्ट्यांना गिऱ्हाईक मिळालं. एरवी 'अनस्पॉइल्ड ट्रेल' म्हणून जिचं कौतुक होतं, ती म्हणजे एका बुडालेल्या धंद्याची रिकामी जागा. साधारण २००८ च्या सुमारास जोमसोमपर्यंत गाडीरस्ता आला, तेव्हा ट्रेकर मंडळींनी 'ट्रेल खराब झाला' म्हणून केवढा गळा काढला! मीही जीपच्या धुळीला शिव्या घातल्याच. मालकीणबाईंना विचारलं तर म्हणाल्या, रस्ता हवाच होता, बाळंतपणाला खाली नेता येतं.

जुनं ते सोनं म्हणायचीही सोय नाही. तिबेटच्या त्या मिठात आयोडीन जवळजवळ नसे आणि डोंगरांत घरटी एकाला तरी गलगंड, असं म्हातारे सांगतात. भारतातून आयोडीनयुक्त मीठ जायला लागलं आणि तो आजार हटला. त्या पुडीवरची दोन मुलं त्यासाठीच आहेत.

आता हेच आयोडीन घेऊन परत भाईंदरला येऊ. खाडीचं उधाणाचं पाणी बांधांच्या आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत आटवायचं, शेवटच्या वाफ्यात खडे धरले की दांड्याने ओढून काढायचे आणि टोपल्यांनी बांधावर नेऊन रास घालायची. दिवाळीनंतर तयारी, पाऊस यायच्या आत सगळं संपवायचं. आजोबा त्या टोपल्या डोक्यावरून न्यायचे. आई सांगते, संध्याकाळी ते पायांना खोबरेल लावायचे आणि तरी भेगा बुजायच्या नाहीत. २००६ पासून आयोडीन नसलेलं मीठ खाण्यासाठी विकायला आपल्याकडे बंदी आली. आगरातलं जाडं मीठ त्याच दिवशी ताटातून उठलं आणि बर्फ, मासळी, कातडी यांच्या रांगेत जाऊन बसलं. तिबेटचं मीठ याकापुढे गेलं, आमचं बर्फाच्या कारखान्यात. आजोबांनी जे पिकवलं ते दुकानात खायचं मीठ म्हणून ठेवता येत नाही, हे मला त्या भट्टीत बसेपर्यंत कधी सुचलंही नव्हतं.

भाईंदरला फक्त आयोडीनने मारलं असं म्हणणं मात्र खोटं होईल. १९९१ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची वस्ती पावणेदोन लाख होती, २०११ मध्ये आठ लाखांच्या वर. मिठाच्या राशीपेक्षा जमिनीचा चौरस फूट महाग झाला. मी राहतो ती इमारत कशावर उभी आहे ते आईने एकदा बाल्कनीतून बोट दाखवून सांगितलं होतं. तेव्हा मी लॅपटॉपवर होतो आणि हूं म्हटलं होतं.

येताना कागबेनीहून तिबेटी मिठाचे दोन खडे घेतले होते, जनावरांच्या मिठातले, राखाडी आणि थोडे लालसर. घरी आल्यावर आईने एक जिभेला लावला. म्हणाली, आपल्यापेक्षा कमी खारट आहे आणि मागे कडू लागतं, आमच्या बाबांनी असलं मीठ राशीत घेतलं नसतं. दुसरा खडा तिने बरणीत ठेवून दिला. जूनमध्ये पाऊस लागला तसं त्याला पाणी सुटलं.