खेळाला मान्यता कोण देतो?

कामगार चळवळीत ज्यांनी आयुष्य घालविले, त्यांस ‘मान्यता’ हा शब्द नवा नाही. संघटना असणे निराळे आणि तिला मान्यता असणे निराळे. महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्याने मान्यतेसाठी सलग सहा महिने किमान 30 टक्के कामगार सभासद असावेत, अशी अट घातली होती. खेळांच्या जगातही हीच रीत आहे. कोणता खेळ आंतरराष्ट्रीय स्पर्धेचा आणि कोणता नुसता अंगणातला, हे ठरविणारी एक बैठक कोठेतरी बसतेच. तिचा इतिहास पाहिला म्हणजे आपल्या हुतुतूचे, खोखोचे आणि कुस्तीचे काय झाले, हे उमगते.

प्रथम ऑलिंपिकची यादीच घेऊ. रस्सीखेच 1900 पासून 1920 पर्यंत तीत होती, पुढे गळाली. 1912 ते 1948 या काळात चित्र, शिल्प आणि काव्य यांनाही तेथे पदके मिळत. क्रिकेट 1900 साली पॅरिसला एकदाच झाले आणि 2028 च्या लॉस एंजेलिसच्या यादीत पुन्हा आले. तेव्हा खेळ कशाला म्हणावे, हा निवाडा दगडावर कोरलेला नाही. तो माणसांनी केला आणि माणसांनीच फिरविला. पुढे समितीने बरीच वर्षे एक मोजमाप ठेवले : पुरुषांचा खेळ निदान 75 देशांत व चार खंडांत, स्त्रियांचा 40 देशांत व तीन खंडांत खेळला जात असावा. मोजमाप दिसायला निःपक्षपाती. पण ज्यांनी जगभर वसाहती केल्या, त्यांचे खेळ त्यांच्याच जहाजांतून खंडोखंडी आधीच पोचले होते. हुतुतूला जहाज कोणी दिले?

अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने 1936 साली बर्लिनला, ऑलिंपिकच्या वेळी, आपले देशी खेळ करून दाखविले. कौतुक झाले, मान्यता मिळाली नाही. प्रात्यक्षिकाला प्रेक्षक पुरतो. स्पर्धेला प्रतिस्पर्धी लागतो. शिवाय घरातच एकवाक्यता कोठे होती? आपल्याकडे हुतुतू, बंगालमध्ये हाडुडू, तमिळ मुलखात चेडुगुडू; नाव वेगळे, नियमही वेगळे. 1950 साली कबड्डीचा अखिल भारतीय महासंघ झाला आणि एक नाव, एक नियम ही वाट धरली गेली. आम्ही मराठी माणसांनी ‘हुतुतू’ हे लाडके नाव सोडले. ती एकजुटीची किंमत होती. शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांच्यासारख्यांनी त्यासाठी जन्म वेचला. 1982 साली दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत प्रात्यक्षिक, 1990 साली बीजिंगला पदकाचा खेळ, आणि स्त्रियांना 2010 साली ग्वांगझूला प्रवेश, असा हा प्रवास आहे. 2018 साली जाकार्तात दोन्ही सुवर्णपदके इराणने नेली, तेव्हा देशात हळहळ झाली. आमच्या मते मात्र खेळ जगाचा झाल्याचा तोच खरा पुरावा होता.

मिळालेली मान्यता टिकतेच असेही नाही. खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मातीत घडलेला हा मल्ल गादीवर लढला. त्याच कुस्तीला, जी प्राचीन ग्रीकांच्या ऑलिंपिकमध्येही होती, 2020 पासून वगळावे अशी शिफारस फेब्रुवारी 2013 मध्ये झाली. कुस्तीच्या संघटनेने नेतृत्व बदलले, नियम सुधारले, आणि सप्टेंबरात जागा परत मिळविली. रडून नव्हे, संघटित होऊन.

टेंभुर्णीत बसून या गोष्टींचा विचार कशाला, असे कोणी विचारील. आमच्या औद्योगिक वसाहतीतील कामगाराची मुलगी शाळेच्या मैदानावर खोखो खेळते. शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी 5 टक्के जागा आहेत. पण प्रमाणपत्र कोणत्या खेळाचे, हे तेथे आधी पाहिले जाते. म्हणजे दूरच्या बैठकीतला शब्द हिच्या भाकरीपर्यंत येतो. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खोखोचा पहिला विश्वचषक झाला आणि दोन्ही गटांत आपण जिंकलो. आनंद आहेच. परंतु पाहुणे संघ आपापल्या गावी परतल्यावरही खेळत राहतात काय, हा प्रश्न चषकाहून मोठा आहे.

म्हणून आम्ही तीन कसोट्या लावू. नियम सर्वत्र एक असावेत. आपल्याला हरविणारा कोणी असावा. आणि स्त्रीपुरुष दोघांनाही, धनिकाच्या कृपेवाचून, तो खेळता यावा. तिसरी कसोटी पुष्कळदा विसरली जाते. मातीवरचा खेळ महागड्या मॅटवर गेला, तर मॅट तालुक्याच्या शाळेपर्यंत पोचविण्याची जबाबदारीही मान्यतेबरोबर येते. नाहीतर खेळ मान्य होईल आणि खेळणारा बाहेर राहील.

विटीदांडूला पदक नाही म्हणून तो हलका ठरत नाही. पण ज्या खेळासाठी मान्यता मागावयाची, त्याचे खेळाडू आधी वाढवावे लागतात. गिरणीच्या दारात आम्ही हेच शिकलो : गर्जना कितीही करा, शेवटी सभासद मोजले जातात.