केशरी कार्डाची कुळकथा

मिरजेच्या कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलात सरकारी आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राच्या टेबलापाशी थोडा वेळ थांबलं की दिसतं, नातेवाईक पिशवीतून डॉक्टरांच्या फाईलीच्या आधी रेशनकार्ड काढतात. घडीवर विरलेलं, चिकटपट्टी लावलेलं. धान्यासाठी काढलेल्या या कार्डावर आता हृदयाचं ऑपरेशन होतं.

1 मे 1999 पासून महाराष्ट्रात पिवळी, केशरी आणि पांढरी अशी तिरंगी शिधापत्रिका आली. स्वस्त धान्य कुणाला द्यायचं, एवढंच त्या रंगांनी ठरायचं होतं. पिवळ्याच्या मर्यादेपेक्षा जास्त, पण वर्षाला एक लाखापर्यंत कमावणारं कुटुंब केशरीत गेलं.

उपचारांची वाट तेव्हा निराळी होती. डॉ. वॉनलेस यांचं मिशन हॉस्पिटल मिरजेत 1894 पासून, सरकारी मेडिकल कॉलेज 1962 पासून. ऐपत असेल तो खासगीत, नसेल तो सिव्हिलला. केशरीवाल्याची अडचण मधलीच. तो गरिबांच्या यादीत नाही आणि बायपासचं बिल आलं की रान विकल्याशिवाय सुटका नाही. 1997 ची जीवनदायी योजना दारिद्र्यरेषेखालच्यांपुरती होती, त्यामुळे ती त्याच्या उपयोगाची नव्हती.

2012 मध्ये चित्र बदललं. आंध्रच्या आरोग्यश्री योजनेच्या धर्तीवर राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि नोव्हेंबर 2013 मध्ये सातारा-सांगलीसह राज्यभर पोचली. 971 उपचार, कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत. सरकारने विमा कंपनीला हप्ता भरायचा, रुग्णाने खासगीतही फुकट उपचार घ्यायचे. लाभार्थी ओळखायला नवी यादी कोण करणार? घरोघरी रेशनकार्ड होतंच. पिवळ्याबरोबर केशरीही धरलं गेलं. 2017 मध्ये योजनेला महात्मा फुले यांचं नाव मिळालं. जुलै 2024 पासून पांढरं कार्डही चालतं आणि मर्यादा पाच लाखांवर गेली.

म्हणजे सरकारी दवाखाने की विमा, या वादात महाराष्ट्राने मोठ्या आजारांसाठी विम्याची वाट धरली. तिने अनेकांची शेतं वाचवली, हे मी मनापासून मानतो. पण कार्डाचा मूळ स्वभाव सुटलेला नाही. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव माहेरच्या कार्डातून कमी झालेलं, सासरच्यात चढलेलं नाही. आधारवर एक स्पेलिंग, कार्डावर दुसरं. पेशंट आत झोपलेला असताना नवरा तहसीलच्या पुरवठा शाखेत रांगेत उभा. उपचाराचा हक्क माणसाचा असेल, तर तो शिधापत्रिकेतल्या नोंदीला टांगून का ठेवायचा?

त्याहून मोठी खोट दुसरीच आहे. या योजनेतून उपचार मिळतात ते दाखल झाल्यावर. जत-आटपाडीच्या किंवा माण-खटावच्या म्हाताऱ्याला रक्तदाबाची गोळी रोज लागते, ती तिच्यात बसत नाही. गोळी चुकत गेली, झटका आला, की मग कार्ड कामाला येतं. ती गोळी उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळायला हवी, आणि तिथे विमा कंपनीचं काही काम नाही. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरसुद्धा फुकट झाला. तिथे कार्डाचा रंग कुणी विचारत नाही. आता तिथे डॉक्टर आणि औषध रोज असलं पाहिजे, आणि हप्त्याच्या पैशाआधी त्यासाठीचा पैसा बाजूला निघाला पाहिजे.