थिबा राजवाडा आणि जपानचे नववे कलम

रत्नागिरीस आलेल्या पाहुण्याला आम्ही थिबा राजवाडा आवर्जून दाखवतो. ब्रह्मदेशाचा अखेरचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ च्या नोव्हेंबरात मंडाले येथे पदच्युत केले, पुढील वर्षी येथे आणले आणि १९१६ च्या डिसेंबरात त्याने याच गावी देह ठेवला. जेत्याने शस्त्र काढून घेतले. पण त्यामुळे शांतता नांदली नाही. ब्रह्मदेशात सशस्त्र प्रतिकार पुढे कित्येक वर्षे धुमसत राहिला. १९४२ मध्ये तोच देश जपानने जिंकला आणि १९४५ च्या मार्चमधील लढाईत थिबाचा मंडालेचा राजवाडाही भस्मसात झाला.

त्याच वर्षी पराभवाची पाळी जपानवर आली. ९ ऑगस्टच्या अणुबाँबने नागासाकीतील उराकामीचे कॅथेड्रल उद्ध्वस्त झाले. आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये क्रुसावर हुतात्मा झाले, ते याच नगरात. १९४६ च्या फेब्रुवारीत जनरल मॅकआर्थर यांच्या कार्यालयाने नव्या राज्यघटनेचा मसुदा आठवडाभरात सिद्ध केला. जपानी संसदेने काही दुरुस्त्यांसह तो संमत केला आणि ३ मे १९४७ रोजी घटना अमलात आली. तिच्या नवव्या कलमाने युद्धाचा हक्क कायमचा सोडला. भूदल, नौदल, वायुदल न बाळगण्याचे वचन दिले. सहासष्टाव्या कलमाने मंत्रिपदे केवळ नागरी व्यक्तींसाठी राखली.

पुढे मन पालटले ते आधी जेत्याचेच. १९५० मध्ये कोरियात युद्ध पेटताच मॅकआर्थर यांनीच ७५,००० जणांचे राखीव पोलीस दल उभारावयास लावले. १९५४ मध्ये त्यातूनच स्वसंरक्षण दले आकारास आली. २०१५ च्या कायद्यांनी ठरावीक प्रसंगी मित्रराष्ट्रासाठीही शस्त्र उचलण्याची मुभा दिली. वचनाला अशा पळवाटा फुटल्या, हे नाकारता येत नाही. तरीही कलमाचा एकही शब्द बदललेला नाही. त्यासाठी संसदेच्या दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश बहुमत आणि जनतेचा कौल लागतो. तो कौल मागण्यापर्यंत आजवर कोणतेही सरकार पोहोचलेले नाही.

सक्तीने घडली तर उपासमार, मनाने पत्करला तर उपवास. थिबाचे निःशस्त्र होणे पहिल्या प्रकारचे होते. जपानचेही आरंभी तसेच होते. परंतु परक्याने लिहिलेले ते कलम सामान्य जनांनी आपले मानून जपले, म्हणूनच त्याला व्रताचे मोल आले. शांतीसाठी नित्य प्रार्थना करणाऱ्या आम्हांला त्या व्रताची चिंता परकी वाटू नये.