निकालानंतरचे दिवस

परवा भाच्याची मुलगी फोनवर कॉलेजची सूचना वाचून दाखवत होती. तिचं हे ऑनर्सचं वर्ष. सेमिस्टर संपल्यावर तिच्यासारख्या हुशार मुलांसाठी काय काय ठेवलंय ते पहा: इंटर्नशिप, संशोधन प्रकल्पाचं सादरीकरण, बाहेरच्या विद्यापीठांतल्या उन्हाळी वर्गांचे अर्ज, गुणवंतांचा सत्कार, आणि या प्रत्येकाचं वेगळं प्रमाणपत्र. वाचून झाल्यावर म्हणाली, "आजी, तुमच्या वेळी परीक्षा संपल्यावर काय राहायचं?"

मी म्हटलं, "उन्हाळा."

ती हसली, पण खोटं काहीच नव्हतं. एप्रिलमध्ये शेवटचा पेपर, मे महिन्यात खसाच्या ताट्यांवर पाणी मारणं, कैऱ्या चिरणं, आणि जूनमध्ये निकाल. पहिला आलेला पोरगा वर्तमानपत्रात झळकायचा, बाकीचे नोकरीचे अर्ज लिहायला बसायचे. मात्र तिच्या प्रश्नाने डोक्यात एक किडा सोडला. आमचं जाऊ द्या. आमच्याही आधी, नागपुरात कॉलेजं नुकती निघाली तेव्हा, चांगल्या विद्यार्थ्यापुढे परीक्षेनंतर नेमकं काय येत असे? त्यातून पुढे कोणाचं काय झालं? घरातली जुनी पुस्तकं काढून बसले. जे हाती लागलं ते इथे मांडते आहे.

आधी 'ऑनर्स'चंच पाहू. नव्या मुलांना वाटतं की २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाबरोबर हा शब्द आला. तीन वर्षं आणि १२० क्रेडिट केले की साधी पदवी, चार वर्षं आणि १६० केले की ऑनर्स. त्यातही पहिल्या सहा सेमिस्टरांत ७५ टक्के असतील तर संशोधनासह ऑनर्स. हा हिशोब नवा, शब्द मात्र जुना. नागपूरला हिस्लॉप कॉलेज १८८३ साली निघालं आणि मॉरिस कॉलेज १८८५ साली. दोन्ही जोडलेली होती ती कलकत्ता विद्यापीठाला! तिथे 'पास' आणि 'ऑनर्स' असे दोन सरळ रस्ते होते. एका विषयात खोल उतरायचं असेल तर ऑनर्स. म्हणजे सीताबर्डीवर राहून शिकायचं आणि पदवीवर नाव यायचं ते अकराशे किलोमीटरवरच्या गावाचं. पदवीदान समारंभाला जायचं म्हटलं तर तेवढा प्रवास. पुढे १९०४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर इथली कॉलेजं अलाहाबादकडे गेली. गाव बदललं, परकेपण तेच.

४ ऑगस्ट १९२३ रोजी नागपूर विद्यापीठ स्थापन झालं तेव्हा हे संपलं. सहा कॉलेजं आणि एकूण ९२७ विद्यार्थी. मी शिकवत होते त्या शाळेतच याहून जास्त मुलं होती! पहिले कुलगुरू सर बिपिन कृष्ण बोस. बंगाली माणूस, पण वकिलीत आणि सार्वजनिक कामात सारा जन्म नागपुरात गेला. विद्यापीठ आपलं झालं म्हणजे पदकंही आपली झाली, शिष्यवृत्त्याही आपल्या झाल्या.

या नव्या विद्यापीठाच्या सुरुवातीच्या पदवीधरांत १९२६ सालची दोन नावं मला फार लोभसवाणी वाटतात.

एक, मोहम्मद हिदायतुल्ला. रायपूरच्या सरकारी शाळेतून १९२२ साली मॉरिस कॉलेजात आलेला मुलगा. कॉलेजात 'फिलिप्स स्कॉलर' झाला आणि पदवी मिळाली तेव्हा 'मलक सुवर्णपदक' पटकावलं. तिथून केंब्रिजचं ट्रिनिटी कॉलेज, मग लिंकन्स इनमधून बॅरिस्टर, आणि १९३० साली परत नागपुरात वकिली. अधेमधे इथल्याच विद्यापीठाच्या लॉ कॉलेजात शिकवलंही. १९५४ साली नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले. त्या काळी देशातल्या उच्च न्यायालयांचे ते सर्वांत तरुण मुख्य न्यायाधीश. पुढे देशाचे सरन्यायाधीश, उपराष्ट्रपती आणि १९६९ साली महिनाभर हंगामी राष्ट्रपतीसुद्धा.

दुसरं नाव कुसुम जयवंत. अमरावतीची मुलगी. शाळा पुण्याच्या हुजूरपागेत, आणि बी.ए. १९२६ साली नागपूर विद्यापीठाची. मग लंडनच्या वेस्टफील्ड कॉलेजात जाऊन १९२९ साली इंग्रजी वाङ्मयाची दुसरी पदवी. त्या काळी मुलगी एकदा बी.ए. झाली म्हणजे घरच्यांना पुढे एकच काम दिसे, आणि ते वरसंशोधनाचं. या बाई मात्र पुन्हा बी.ए.च्याच वर्गात जाऊन बसल्या, तेही साता समुद्रापलीकडे. याच आपल्या कुसुमावती देशपांडे, कवी अनिलांच्या पत्नी, 'पासंग'च्या लेखिका. परत येऊन नागपुरात त्यांनी वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवलं आणि १९६१ साली ग्वाल्हेरच्या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. अध्यक्षपदाचा मान मिळालेल्या पहिल्या स्त्री. नागपुरात मुलींसाठी वेगळं कॉलेज, आपलं एल.ए.डी., निघालं १९३२ साली. म्हणजे कुसुमावती शिकल्या तेव्हा ती सोयसुद्धा नव्हती.

दोघांच्या वाटा पाहताना एक गोष्ट ध्यानात येते. पदक गळ्यात पडलं, पदवी हाती आली, की त्यानंतरचा मोठा टप्पा असे तो पैशांचा. बोटीचं भाडं, तिथलं राहणं, फी. ज्याच्या घरी ते होतं किंवा ज्याला कोणीतरी ते दिलं, तोच पुढे गेला. बाकीच्या हुशार मुलांची नावं फळ्यावर राहिली आणि मुलं कचेरीत कारकून झाली. (कारकुनी वाईट असं मी म्हणत नाही. आमच्या घरच्या दोन पिढ्या त्यावर जेवल्या.)

म्हणून जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीचं नाव मराठी घरांत अजून आदराने घेतात. मॅट्रिकला संस्कृतमध्ये सगळ्यांत वर येणाऱ्याला ती मिळे. १९१२ साली ती चिंतामण द्वारकानाथ देशमुखांना मिळाली. सगळ्या मुंबई इलाख्यात मुलगा पहिला! आता संस्कृतची शिष्यवृत्ती मिळवणाऱ्याने संस्कृतच करावं की नाही? हे गेले केंब्रिजला आणि बक्षीस मिळवलं वनस्पतिशास्त्रात. १९१८ साली आय.सी.एस.च्या परीक्षेत पहिले आले आणि नेमणूक झाली ती आपल्या मध्य प्रांत-वऱ्हाडात. नागपूरच्या सचिवालयात त्यांची उमेदीची वर्षं गेली. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, देशाचे अर्थमंत्री, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण १९५६ साली अर्थमंत्रिपद सोडल्यावर ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले, हे कमी लोकांना आठवतं. वर ज्या १६० क्रेडिटांचा हिशोब सांगितला, तो याच आयोगाच्या चौकटीतला आहे.

आता पदकांच्या सोन्याबद्दल. विद्यापीठाला एखादा गृहस्थ वडिलांच्या नावाने ठराविक रक्कम देई. तिच्या व्याजातून दरवर्षी एक सुवर्णपदक, अशी ती व्यवस्था. त्या काळी सोनं तोळ्याला वीस रुपयांच्या आतबाहेर होतं. आज ते लाखाच्या पुढे गेलं आहे. मूळ रक्कम आहे तिथेच आहे, व्याजही आहे तेवढंच. मग पदकातलं सोनं पातळ होत जाणार की नाही? गणित शिकवणाऱ्या कोणालाही हे कळेल. देणाऱ्याच्या मनात खोट नव्हती, त्याने फक्त सोन्याचा भाव गृहीत धरला नव्हता.

याच्या उलट एक दान नागपूरकरांच्या नजरेसमोर रोज उभं असतं, आणि आपण त्याकडे न पाहता अमरावती रोडवरून गाडी हाणत जातो. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण १९३० साली वारले, तेव्हा त्यांनी मृत्युपत्रात सुमारे ३५ लाख रुपये नागपूर विद्यापीठाला ठेवले. कशासाठी? उपयोजित विज्ञान आणि रसायन शिकवण्यासाठी. तेव्हाचे ३५ लाख! त्यातून १९४२ साली लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी उभी राहिली, आपली एल.आय.टी. २०२३ पासून ती स्वतंत्र विद्यापीठ झाली आहे. पहिला कोण आला याच्याशी त्या पैशांचं देणंघेणं नव्हतं. जो आत आला तो शिकला.

हे सगळं वाचताना आमच्या मंडळाचा सत्कार समारंभ सारखा आठवत होता. नागपुरात जुलै महिना म्हणजे गुणवंतांच्या सत्काराचा महिना. प्रत्येक समाजाचं, प्रत्येक वस्तीचं एक मंडळ असतं. सभागृह भाड्याने घ्यायचं, आमदार येईस्तोवर दीड तास पोरांना पंख्याखाली बसवायचं, मग गुलाबाचं फूल, श्रीफळ, प्रमाणपत्र आणि भिंतीवरचं घड्याळ. तीस-पस्तीस वर्षांत मी असे किती समारंभ पाहिले याची मोजदाद नाही. काही घरांत तर चार-चार घड्याळं, आणि एकाचीही वेळ दुसऱ्याशी जुळत नाही! दोन वर्षांपूर्वी मी सुचवलं की ऐंशी टक्क्यांची अट काढा, घड्याळं बंद करा आणि गरजू दोन मुलांची वर्षाची फी भरा. सभेत माना पुष्कळ हलल्या. ठराव मात्र घड्याळांचाच झाला.

पण समारंभ म्हणजे नुसता देखावा, असंही मला म्हणवत नाही. कारण १९०७ सालची मुंबईतली एक सभा.

त्या वर्षी एल्फिन्स्टन हायस्कूलमधून भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले. गुण किती? ७५० पैकी २८२. आजच्या आमच्या मंडळाच्या अटीत हा मुलगा बसलाच नसता, त्याचं नावसुद्धा कोणी लिहून घेतलं नसतं. पण महार समाजातल्या मुलाने मॅट्रिक होणं ही तेव्हा केवढी गोष्ट होती! सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली अभिनंदनाची सभा भरली. त्या सभेला कृष्णाजी अर्जुन केळूसकर हजर होते. शिक्षक माणूस, शिवाजी महाराजांचे चरित्रकार. चर्नी रोडच्या बागेत एकट्याने वाचत बसणाऱ्या या मुलाला ते आधीपासून ओळखत होते. त्यांनी त्याला भेट म्हणून स्वतः लिहिलेलं पुस्तक दिलं, गौतम बुद्धाचं चरित्र.

केळूसकर तेवढ्यावर थांबले नाहीत. मुलाचं शिक्षण पैशांअभावी अडतंय असं दिसल्यावर त्यांनी त्याला बडोद्याच्या सयाजीराव महाराजांपर्यंत नेलं. महाराजांनी महिना २५ रुपये बांधून दिले. त्यावर कॉलेज झालं. १९१३ साली त्याच महाराजांनी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली आणि आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. त्या शिष्यवृत्तीला परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करण्याची अट होती. ते नोकरीवर रुजू झाले तेव्हा बडोद्यात त्यांना राहायला जागा कोणी देईना, हा इतिहास सर्वांना माहीत आहे. म्हणजे शिष्यवृत्तीने पुढचं सगळं सुरळीत झालं असंही नाही.

मला मात्र पुन्हापुन्हा त्या पुस्तकाकडे यावंसं वाटतं. पंचवीस रुपयांचा हिशोब लागतो, साडेअकरा पौंडांचा लागतो. सत्काराच्या सभेत एका मास्तरने दिलेल्या पुस्तकाचा हिशोब कसा लावायचा? बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलं आहे की बुद्धाकडे आपण वळलो त्याची सुरुवात त्या पुस्तकापासून झाली. केळूसकर १९३४ साली गेले. त्यांनी पुस्तक हातात ठेवलं त्याला ४९ वर्षं झाली, तेव्हा १४ ऑक्टोबर १९५६ ला आमच्या नागपुरात लाखो माणसं गोळा झाली होती. मी तेव्हा शाळेतही जात नव्हते. मोठ्यांकडून ऐकलं ते एवढंच की सगळे रस्ते पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांनी भरले होते, आणि सगळे एकाच दिशेला चालले होते.