इंपीरियल बँक

बँक ऑफ बेंगॉल, बँक ऑफ बॉम्बे आणि बँक ऑफ मद्रास या तीन इलाखा बँकांच्या, म्हणजे ब्रिटिश अमदानीत एकेका इलाख्यासाठी सरकारी सनदेने किंवा कायद्याने स्थापन झालेल्या बँकांच्या, विलीनीकरणातून ही बँक २७ जानेवारी १९२१ रोजी अस्तित्वात आली. यांपैकी मुंबईच्या बँकेचा इतिहास विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. १८४० मध्ये निघालेली मूळ बँक अमेरिकी यादवीच्या काळातील कापसाच्या तेजीत शेअरांच्या तारणावर बेसुमार कर्जे देऊन बुडाली आणि १८६८ मध्ये त्याच नावाची नवी बँक उभारावी लागली, त्यामुळे १९२१ मध्ये विलीन झाली ती ही दुसरी बँक होय. नोटा काढण्याचा अधिकार १८६१ च्या कायद्याने सरकारने आधीच स्वतःकडे घेतलेला असल्याने इंपीरियल बँकेला तो कधीच नव्हता. मात्र १९३५ मध्ये रिझर्व्ह बँक स्थापन होईपर्यंत सरकारी खात्यांचे व्यवहार तीच पाहत असे. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील ग्रामीण पतपुरवठा पाहणी समितीच्या शिफारशीनुसार १ जुलै १९५५ रोजी तिचे रूपांतर भारतीय स्टेट बँकेत झाले. खेड्यापाड्यांत शाखा नेण्याची जबाबदारी कायद्यानेच तिच्यावर आली, हा या बदलाचा सर्वांत मोलाचा भाग मानला पाहिजे. जुन्या संस्थानांतील बँका पुढे तिच्या सहयोगी झाल्या. त्यांपैकी अखेरच्या पाच १ एप्रिल २०१७ रोजी तिच्यात विलीन झाल्या.