भागाकाराविना सिद्ध झालेली संख्या

१७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७. २ चा १२७ वा घात घ्या, त्यातून १ वजा करा, की ही ३९ अंकी मूळ संख्या मिळते. फ्रेंच गणिती एदुआर ल्युका यांनी १८७६ साली ती मूळ असल्याचे दाखवले. पुढची ७५ वर्षे हिच्याहून मोठी मूळ संख्या कुणालाही सापडली नाही.

तिचा पहिला उल्लेख १६४४ सालचा. पॅरिसमधले ख्रिस्ती साधू मारँ मेर्सेन यांनी २५७ पर्यंतचे कोणते घात घेतले असता, १ वजा केल्यावर मूळ संख्या उरते, याची यादी छापली. त्यात ६७ आणि २५७ चुकीचे निघाले. ६१, ८९ आणि १०७ राहून गेले. १२७ मात्र बरोबर होता, पण त्याची सिद्धता मेर्सेन यांनी दिली नव्हती.

गणिती ऑयलर यांनी १७७२ मध्ये ३१ व्या घाताची दहा अंकी संख्या भागाकार करकरून पारखली. १२७ साठी तो मार्ग बंदच होता, कारण वीस अंकी भाजकांपर्यंत जावे लागले असते. ल्युकांचे मोठेपण इथे आहे. त्यांनी अवयव शोधणेच सोडून दिले. ३ पासून सुरुवात करायची, वर्ग करून २ वजा करायचे, आलेल्या संख्येला तपासायच्या संख्येने भागून बाकी ठेवायची आणि पुन्हा तेच. खुद्द १२७ या छोट्या मूळ संख्येवर करून पाहा: ३, ७, ४७, ४८, १६, ०. सहाव्या पदाला शून्य आले, म्हणजे संख्या मूळ. ३९ अंकी संख्येसाठी हे शून्य १२६ व्या पदाला यावे लागते. त्यासाठी वर्ग करायचे फक्त १२५!

बाकी काढण्याची युक्ती तर मला याहून सुंदर वाटते. २ च्या १२७ व्या घाताला ल्युकांच्या संख्येने भागले की बाकी १ उरते. त्यामुळे द्विमान पद्धतीत १२७ घरांच्या बाहेर गेलेला अंक पुन्हा पहिल्या घरापासून मिळवला की झाले. भागाकाराची जागा बेरीज घेते. ल्युकांनी यासाठी १२७ गुणिले १२७ घरांचा पट वापरला.

१९३० मध्ये गणिती लेमर यांनी ही कसोटी ४ पासून सुरू होणाऱ्या साध्या रूपात पक्की केली. १९५१ मध्ये फेरिए यांनी गणनयंत्रावर ४४ अंकी मूळ संख्या शोधून विक्रम मोडला. त्याच वर्षी केंब्रिजच्या एडसॅक संगणकावर मिलर आणि व्हीलर यांनी ७९ अंकी मूळ संख्या मिळवली, तीही ल्युकांच्या संख्येचा वर्ग करून, त्याला १८० ने गुणून आणि १ मिळवून. २०२४ मध्ये सापडलेल्या चार कोटींहून अधिक अंकांच्या मूळ संख्येची खातरजमाही ल्युका-लेमर कसोटीनेच झाली.

या कुळातला एक प्रश्न अजून सुटलेला नाही. २ पासून निघा. दर वेळी २ चा हातातल्या संख्येइतका घात घेऊन १ वजा करत गेले की ३, ७, १२७ आणि मग ल्युकांची संख्या येते, सगळ्या मूळ. गणिती कातालान यांनी विचारले, पुढची कशी असेल? त्या संख्येत किती अंक आहेत हे सांगायलाच ३८ अंकी आकडा लागतो, आणि तिथे ल्युकांची कसोटी चालवणे कोणत्याही संगणकाला शक्य नाही.